विश्लेषण : श्वानांसाठी ‘ग्रेन फ्री’ खाद्य खरेच चांगले? हृदयविकाराशी त्याचा संबंध काय?

पाळीव प्राण्यांच्या खाद्याच्या दुकानात किंवा घरपोच सामान देणाऱ्या ॲपवर ‘ग्रेन फ्री’ असा ठळक शिक्का असलेली पिशवी आता सहज दिसते. गहू, तांदूळ, मका नाही, त्यामुळे खाज नाही, पोटाच्या तक्रारी नाहीत, लांडग्याच्या मूळ आहाराच्या जवळ जाणारे खाणे, असा तिचा दावा असतो. किंमत साध्या खाद्यापेक्षा बहुधा जास्त. घरातल्या लॅब्रेडॉरवर पोटच्या पोरासारखी माया करणारी माणसे ती किंमत मोजतातही. मात्र याच प्रकारच्या खाद्याची अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) २०१८ पासून हृदयविकाराच्या संदर्भात चौकशी केली. त्या चौकशीत खाद्य दोषी ठरले नाही आणि निर्दोषही सुटले नाही. अशा अर्धवट माहितीवर श्वानपालकाने निर्णय कसा घ्यायचा, हा आता प्रश्न आहे.

‘ग्रेन फ्री’ म्हणजे नेमके काय?

या शब्दाचे मराठी ‘धान्यमुक्त’ असे केले, तर पहिल्याच पावलावर फसगत होते. मराठीत धान्य म्हटले की तृणधान्य आणि कडधान्य दोन्ही आले. इंग्रजीतल्या ‘ग्रेन’मध्ये या संदर्भात फक्त तृणधान्ये मोजली जातात. म्हणजे गहू, तांदूळ, मका, ओट, बार्ली, ज्वारी, बाजरी. वाटाणा, मसूर, हरभरा त्यात येत नाहीत. त्यामुळे ‘ग्रेन फ्री’ लिहिलेल्या पिशवीच्या मागची बारीक अक्षरांतली यादी वाचली, की अनेकदा वाटाणे, वाटाण्याचे प्रथिन, मसूर, काबुली चणे, बटाटा, रताळे किंवा टॅपिओका यांचीच भरताड दिसते. पिशवी तृणधान्यमुक्त असते, पण कडधान्यांनी भरलेली असते.

यामागे लबाडीच असते असे नाही. कोरड्या खाद्याचा दाणा तयार करण्याचे तंत्र कुरकुऱ्यांसारखेच आहे. ओले पीठ दाब आणि उष्णता देऊन साच्यातून बाहेर काढतात, तेव्हा तो फुलतो. त्यासाठी पिठात स्टार्च, म्हणजे पिष्टमय पदार्थ, लागतोच. नुसत्या मांसाचा असा दाणा बनत नाही. तृणधान्य काढले की स्टार्च दुसरीकडून आणावा लागतो आणि कडधान्यांतून त्याबरोबर स्वस्तात प्रथिनेही मिळतात. त्यामुळे ‘ग्रेन फ्री’ म्हणजे कमी पिष्टमय किंवा जास्त मांसाचे, हा समज पहिल्यांदा बाजूला ठेवावा लागतो. तसे खाद्य असूही शकते, पण शिक्क्यावरून ते कळत नाही.

ही लाट आली कुठून?

अमेरिकेत या लाटेला बळ मिळाले ते २००७ च्या एका घोटाळ्याने. त्या वर्षी मार्चपासून पाळीव प्राण्यांचे खाद्य मोठ्या प्रमाणावर बाजारातून परत मागवावे लागले. चीनमधून आलेल्या ‘गव्हाच्या ग्लुटेन’मध्ये मेलामाइन हे रसायन सापडले होते. प्रथिनांची चाचणी नायट्रोजन मोजून होते आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो. त्यामुळे निकृष्ट माल कागदोपत्री प्रथिनयुक्त दिसत असे. दुधात युरिया मिसळण्याच्या बातम्या वाचणाऱ्या महाराष्ट्रातील वाचकाला ही युक्ती समजावून सांगण्याची गरज नाही. त्या खाद्याने मांजरांची आणि कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. दोष गव्हाचा नव्हता, भेसळीचा होता. पण ‘गव्हाचे ग्लुटेन’ हे शब्द मात्र ग्राहकाच्या मनात बसले.

त्याच सुमारास माणसांच्या आहारात ‘ग्लुटेन फ्री’चे वारे वाहू लागले. माणूस स्वतःच्या ताटात जे टाळतो ते कुत्र्याच्या भांड्यातही टाळू लागतो, हे बाजाराने बरोबर हेरले. जोडीला लांडग्याचे चित्र होतेच. भारतात ही कल्पना तयार होऊन आली, आधी आयात खाद्यातून आणि मग देशी कंपन्यांच्या ‘प्रीमियम’ मालिकांतून. तिच्यामागचा २००७ चा संदर्भ मात्र सोबत आला नाही.

कुत्र्याला धान्य पचत नाही, हे खरे का?

नाही. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या एरिक ॲक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना होती. स्टार्च पचवणारे अमायलेज हे विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यांमध्ये त्या ४ पासून ३० पर्यंत आढळल्या. माणूस शेती करू लागला, त्याच्या वस्तीभोवतीचे उष्टे-खरकटे खाणारा प्राणी बदलत गेला, आणि त्या बदलाची नोंद जनुकांत उरली. सगळ्या जातींत हे सारखे नाही. उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशातल्या काही जातींत या प्रती कमी असतात. त्या जातीचे कुत्रे मुंबईच्या उकाड्यात पाळण्याचा हट्ट हा निराळाच विषय झाला.

महाराष्ट्राला यासाठी जनुकशास्त्राची वाट पाहावी लागली नव्हती. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या संत नामदेवांची कथा घरोघरी ठाऊक आहे. गाईला घास आणि कुत्र्याला भाकरतुकडा ही रीतही जुनीच. यातील तूप सोडले, तर पशुवैद्यकाला आक्षेप घेण्यासारखे फारसे नाही. जास्त स्निग्ध खाण्याने कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. मात्र भाकरी पचते याचा अर्थ नुसत्या भाकरीवर कुत्र्याचे पोषण होते, असाही नाही. नीट शिजवलेले तृणधान्य कुत्र्याला ऊर्जा देते. प्रथिने, मेद, कॅल्शियम आणि इतर खनिजे कुठून येणार, याची सोय वेगळी करावी लागते.

२०१८ मध्ये अमेरिकेत काय घडले?

डायलेटेड कार्डिओमायोपथी (डीसीएम) हा कुत्र्यांच्या हृदयाच्या स्नायूचा आजार आहे. स्नायू पातळ आणि अशक्त होतो, हृदयाचे कप्पे फुगतात, रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी होते. पुढे फुप्फुसांत पाणी साठते. कुत्रा लवकर दमतो, खोकतो, धापा टाकतो, कधी चक्कर येऊन कोसळतो. काही वेळा आधी काहीच लक्षण दिसत नाही आणि एकदम मृत्यू ओढवतो. डॉबरमन, ग्रेट डेन, बॉक्सर अशा जातींत हा आजार आनुवंशिक म्हणून डॉक्टरांना माहीत होता. २०१८ च्या आसपास काही हृदयरोगतज्ज्ञ पशुवैद्यकांना वेगळेच दिसू लागले. ज्या जातींत तो सहसा आढळत नाही त्या जातींचे, अगदी संकर जातीचेही कुत्रे डीसीएम घेऊन येत होते आणि त्यांच्या खाण्यात साम्य होते. टफ्ट्स विद्यापीठातील पोषणतज्ज्ञ लिसा फ्रीमन यांनी त्या वर्षी जूनमध्ये याबद्दल जाहीर लिहिले. १२ जुलै २०१८ रोजी एफडीएने चौकशी सुरू असल्याचे जाहीर केले. संशय होता तो वाटाणा, मसूर, इतर कडधान्ये किंवा बटाटा हे मुख्य घटक असलेल्या खाद्यांवर. त्यातली बहुतेक ‘ग्रेन फ्री’ म्हणून विकली जात होती.

२७ जून २०१९ च्या निवेदनात एफडीएने आकडे दिले. १ जानेवारी २०१४ ते ३० एप्रिल २०१९ या काळात डीसीएमच्या ५२४ तक्रारी आल्या होत्या. त्यांपैकी ५१५ कुत्र्यांच्या आणि ९ मांजरांच्या. एका तक्रारीत एकाहून अधिक प्राणी असल्याने आजारी कुत्र्यांची संख्या ५६० होती आणि त्यातले ११९ दगावले होते. तक्रारीतील खाद्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक ‘ग्रेन फ्री’ होती आणि ९३ टक्क्यांमध्ये वाटाणा किंवा मसूर होता. सर्वाधिक ९५ नोंदी गोल्डन रिट्रीव्हरच्या होत्या आणि लॅब्रेडॉरच्या ४७. या दोन्ही जाती महाराष्ट्रातील शहरांत मोठ्या हौसेने पाळल्या जातात, म्हणून हा तपशील इथे महत्त्वाचा. दहा किंवा अधिक वेळा नाव आलेल्या १६ ब्रँडची यादीही प्रशासनाने छापली. त्यानंतर अमेरिकेत ‘ग्रेन फ्री’चा डंका उतरू लागला.

मात्र या आकड्यांना एक मर्यादा आहे. त्या तक्रारी होत्या, पाहणी नव्हती. २०१४ ते २०१७ या चार वर्षांत मिळून हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच तक्रारी आल्या. २०१८ या एकाच वर्षात ३२० आल्या, आणि त्यातल्या बऱ्याच जाहीर सूचनेनंतरच्या. बातमी वाचली की लोक तपासणी करून घेतात आणि तक्रारही नोंदवतात. दुसरे म्हणजे अमेरिकेत पाळीव कुत्र्यांची संख्या सुमारे ७ कोटी ७० लाख असल्याचा अंदाज तेव्हा दिला गेला होता. त्यातले लाखो कुत्रे असे खाद्य खाऊनही ठणठणीत होते. याचा अर्थ धोका नाही असा नव्हे. पण खाल्ले की हृदय गेले, इतके सरळ हे नाही.

टॉरिनचे कोडे काय आहे?

पहिला संशय टॉरिन या अमिनो आम्लासारख्या घटकावर गेला. त्याला इतिहास आहे. १९८७ मध्ये पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते, की मांजरांच्या डीसीएममागे खाद्यातील टॉरिनची कमतरता असते. कंपन्यांनी मांजरांच्या खाद्यात टॉरिन वाढवले आणि तो आजार झपाट्याने घटला. पोषणशास्त्रात इतका स्वच्छ विजय क्वचित मिळतो.

कुत्र्यांचे गणित तसे सुटले नाही. मांजराला टॉरिन खाण्यातूनच मिळावे लागते. कुत्रा ते मेथिओनिन आणि सिस्टिन या गंधकयुक्त अमिनो आम्लांपासून शरीरात तयार करतो. कडधान्यांत नेमकी हीच आम्ले कमी असतात. वरण-भात एकत्र खाल्ला की एकाची उणीव दुसरे भरून काढते, हे शाळेच्या पुस्तकातले ज्ञान इथेही लागू पडते. भात काढून नुसते वरण ठेवले, तर ती भरपाई होत नाही. शिवाय काही प्रकारच्या तंतूंमुळे पित्तावाटे टॉरिन जास्त बाहेर टाकले जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी डिसेंबर २०१८ मध्ये २४ गोल्डन रिट्रीव्हरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या सर्वांना डीसीएम होता आणि टॉरिन कमी होते. त्यातले २३ कुत्रे ‘ग्रेन फ्री’, कडधान्यबहुल किंवा दोन्ही प्रकारचे खाद्य खात होते. खाद्य बदलल्यावर आणि टॉरिन दिल्यावर त्यातील बहुतेकांची प्रकृती सुधारली.

पण इतर जातींच्या अनेक आजारी कुत्र्यांच्या रक्तात टॉरिन व्यवस्थित होते. तरीही हृदय फुगले होते. म्हणजे टॉरिन हे फार तर एक कारण, सगळे नव्हे. २०२१ मध्ये संशयित आणि इतर खाद्यांतील शेकडो रासायनिक संयुगांची तुलना झाली. संशयित खाद्यांशी ज्या घटकाचा संबंध सर्वांत ठळक दिसला तो वाटाणा होता. वाटाण्यातले नेमके काय आणि किती, हे अजून निश्चित झालेले नाही.

मग आरोप सिद्ध झाला का?

कायद्याच्या भाषेत नाही. १ नोव्हेंबर २०२२ पर्यंत एफडीएकडे कुत्र्यांच्या १,३८२ नोंदी जमल्या. डिसेंबर २०२२ मध्ये प्रशासनाने सांगितले, की अशा तक्रारींवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही आणि ठोस नवी वैज्ञानिक माहिती येईपर्यंत पुढील जाहीर निवेदने दिली जाणार नाहीत. ‘ग्रेन फ्री’चे समर्थक यालाच निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र मानतात. ते तसे नाही. चौकशी अधिकाऱ्याने पुरावा अपुरा म्हटले, म्हणजे घटना घडलीच नाही असे होत नाही.

दुसऱ्या बाजूचाही मुद्दा ऐकण्यासारखा आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकेतील हृदयरोग केंद्रांच्या २००० ते २०१९ या काळातील नोंदी तपासल्या गेल्या. ‘ग्रेन फ्री’ खाद्याची विक्री वाढली, पण त्या प्रमाणात डीसीएमचे निदान वाढलेले दिसले नाही, असा तिचा निष्कर्ष होता. ही पाहणी करणारे संशोधक खाद्य उद्योगाला सल्ला देणाऱ्या संस्थेतील होते. पण दुसरीकडच्या काही संशोधकांनाही जुन्या, मोठ्या खाद्य कंपन्यांकडून निधी मिळाला आहे आणि ते त्यांच्या शोधनिबंधांत नमूद आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका छोट्या खाद्य कंपनीने एका बलाढ्य कंपनीवर अमेरिकेत २६० कोटी डॉलरचा दावा लावला. ‘ग्रेन फ्री’ला बदनाम करण्यासाठी चौकशी घडवून आणली गेली, असा तिचा आरोप होता. थोडक्यात, या वादात दोन्ही बाजूंच्या पिशव्या विकायच्या आहेत.

पैशांचे हितसंबंध बाजूला ठेवले तरी एक धागा मात्र सहज झटकता येत नाही. आनुवंशिक डीसीएम झालेल्या कुत्र्याचे हृदय खाद्य बदलून पूर्ववत होत नाही. औषधांनी आयुष्य वाढते इतकेच. कडधान्यबहुल खाद्य खाणाऱ्या काही आजारी कुत्र्यांचे हृदय मात्र खाद्य बदलल्यानंतर लक्षणीय सुधारले आणि ते अपेक्षेपेक्षा जास्त जगले. त्यांना औषधेही सुरू होती, त्यामुळे सगळे श्रेय खाद्याला देता येत नाही. तरी वेगवेगळ्या रुग्णालयांत हे पुन्हा पुन्हा दिसले, आणि एफडीएच्या तक्रारींच्या आकड्यांपेक्षा या निरीक्षणाचे वजन जास्त आहे.

खाज आणि ॲलर्जीसाठी ‘ग्रेन फ्री’ उपयोगी नाही का?

बहुतेक वेळा नाही. २०१६ मध्ये अन्नाची ॲलर्जी सिद्ध झालेल्या २९७ कुत्र्यांवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात गोमांस ३४ टक्के, दुग्धजन्य पदार्थ १७ टक्के, चिकन १५ टक्के आणि गहू १३ टक्के कुत्र्यांना बाधत असल्याचे आढळले. मका ४ टक्के, तांदूळ २ टक्के. म्हणजे ॲलर्जी असलीच तर ती मांस किंवा दुधाची असण्याची शक्यता गव्हापेक्षा जास्त. चिकन असलेले ‘ग्रेन फ्री’ खाद्य महिनोन्‌महिने देऊनही खाज थांबत नाही, त्याचे एक कारण हे असू शकते.

शिवाय खाजणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला अन्नाचीच ॲलर्जी असते असे नाही. इथल्या हवेत पावसाळा सुरू झाला की गोचीड, पिसवा, त्वचेवरची बुरशी आणि कानांतला संसर्ग यांनीच निम्मे कुत्रे हैराण असतात. पिसवांवरचे औषध वेळेवर दिले, तर खाद्याची महागडी पिशवी बदलण्याची वेळच येत नाही, असा पशुवैद्यकांचा नेहमीचा अनुभव.

अन्नाची ॲलर्जी शोधण्याची खात्रीची पद्धत कंटाळवाणी, पण सोपी आहे. कुत्र्याने आधी कधीच न खाल्लेले प्रथिन असलेले किंवा पशुवैद्यकाने सुचवलेले विशेष खाद्य किमान आठ आठवडे द्यायचे. त्या काळात दुसरे काहीही नाही, बिस्किटाचा तुकडाही नाही. खाज कमी झाली तर जुने खाद्य पुन्हा देऊन ती परत येते का, हे पाहायचे. अडचण तंत्राची नसते, घरातल्या माणसांची असते. आजोबा चहाबरोबर गुपचूप बिस्कीट देतात आणि आठ आठवड्यांची मेहनत वाया जाते. रक्त, लाळ किंवा केस पाठवून अन्नाची ॲलर्जी सांगणाऱ्या चाचण्यांवर मात्र त्वचारोगतज्ज्ञ विसंबत नाहीत. गव्हाच्या ग्लुटेनने आतड्यांचा विकार होणे ही कुत्र्यांत फारच क्वचित आढळणारी गोष्ट आहे. आयरिश सेटर जातीच्या काही वंशांत ती आनुवंशिक असल्याचे नोंदले गेले आहे. अशा कुत्र्यासाठी गहू टाळणे योग्यच, पण त्यासाठी तांदूळ किंवा ज्वारी टाळण्याची गरज नाही.

भारतात यावर लक्ष कोणाचे?

२००६ च्या अन्नसुरक्षा आणि मानके कायद्यातील ‘अन्न’ या व्याख्येत पशुखाद्य येत नाही. त्यामुळे माणसांच्या खाद्यपदार्थांवर जी देखरेख असते, ती कुत्र्याच्या खाद्यावर त्याच कायद्याने होत नाही. भारतीय मानक ब्युरोचे पाळीव प्राण्यांच्या खाद्यासाठी मानक आहे. अनेक पिशव्यांवर अमेरिकेतील ‘आफको’ किंवा युरोपातील ‘फेडिआफ’ या संस्थांच्या निकषांचा उल्लेख असतो. त्याबाबतही गैरसमज आहे. आफको ही संस्था कोणत्याही खाद्याला मान्यता किंवा प्रमाणपत्र देत नाही. ती केवळ निकष ठरवते आणि ते पाळल्याचा दावा कंपनीचा असतो. खाद्याने त्रास झाल्याचा संशय आल्यास अमेरिकेतील श्वानपालक थेट एफडीएकडे तक्रार नोंदवतो. इथे तो पशुवैद्यकाला आणि दुकानदाराला सांगतो, आणि बात तिथेच संपते. १,३८२ हा आकडा अमेरिकेचा आहे, याचे एक कारण तिथे मोजण्याची व्यवस्था होती हे आहे.

श्वानपालकाने काय करावे?

कुत्र्याला सिद्ध झालेली तृणधान्याची ॲलर्जी नसेल, तर ‘ग्रेन फ्री’ खाद्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे वैद्यकीय कारण आज तरी दिसत नाही. फायदा सिद्ध नाही आणि धोक्याची शंका फिटलेली नाही. असे असताना पर्याय निवडणे फार अवघड नसावे. वाढत्या वयाची पिल्ले, गोल्डन रिट्रीव्हर, लॅब्रेडॉर आणि आधीच डीसीएमचा धोका असलेल्या जाती यांच्या बाबतीत तर हा सावधपणा अधिकच हवा.

आधीपासून असे खाद्य सुरू असेल, तर घाबरून ते एका रात्रीत बंद करू नये. एकदम बदल केला की जुलाब ठरलेले. सात ते दहा दिवसांत जुन्याचे प्रमाण कमी आणि नव्याचे जास्त करत जावे. आधी पिशवीच्या मागची घटकांची यादी वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, पण त्यातही दोन खाचाखोचा आहेत. ताजे चिकन पहिल्या क्रमांकावर असते, कारण त्यात निम्म्याहून बरेच जास्त पाणी असते. ते पाणी दाणा वाळवताना उडून जाते. आणि वाटाणे, वाटाण्याचे प्रथिन, वाटाण्याचा कोंडा अशी एकाच पदार्थाची तीन नावे वेगवेगळी लिहिली, की प्रत्येकाचा क्रमांक खाली जातो. ती तिन्ही एकत्र मोजली तर कदाचित वाटाणाच पहिला ठरेल. जीवनसत्त्वे आणि खनिजांच्या नावांआधी कडधान्ये दोन-तीनदा आली असतील, तर पशुवैद्यकाशी बोलण्याइतके कारण आहे. हाच नियम ‘ग्रेन फ्री’ न लिहिलेल्या पिशवीलाही लावावा. तांदळाबरोबर वाटाण्याचे प्रथिन भरपूर घातलेली खाद्येही बाजारात आहेत.

कंपनीला विचारण्याचे प्रश्नही सोपे आहेत. खाद्याचा आराखडा पदवीधर पशुपोषणतज्ज्ञाने केला आहे का? खाद्य ‘पूर्ण आणि संतुलित’ असल्याचा दावा कशाच्या आधारे, प्रयोगशाळेतील विश्लेषणाच्या की प्रत्यक्ष कुत्र्यांना खाऊ घालून? कारखाना स्वतःचा आहे की दुसऱ्याचा? जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत असेच प्रश्न सुचवले आहेत. उत्तरे टाळणाऱ्या कंपनीपेक्षा साधी, कमी चकचकीत पिशवी बरी.

‘ग्रेन फ्री’ला पर्याय म्हणून अनेक घरे पुन्हा घरच्या जेवणाकडे वळतात. भात, चिकन, अंडी, भोपळा, गाजर यांचे जेवण कुत्रे आवडीने खातात. कांदा-लसणाची फोडणी, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट मात्र कटाक्षाने टाळावे लागते, ही त्यांच्यासाठी विषे आहेत. हाडे न घालता शिजवलेल्या अशा जेवणात कॅल्शियम कमी पडते आणि वाढत्या पिल्लाची हाडे वाकतात. पोळी-दूध हेच जेवण असलेल्या घरांत प्रथिनेही कमी पडतात. त्यामुळे घरचे खाणे द्यायचे असेल, तर त्याचे प्रमाण आणि वरून द्यायची खनिजे पशुवैद्यकाकडून लिहून घ्यावीत. वाटीभर वरण-भाताने हृदय बिघडते अशी भीती मात्र बाळगू नये. एफडीएच्या चौकशीतील खाद्ये ही बहुतांशी कडधान्ये मुख्य घटक असलेली, रोजचे जेवण म्हणून दीर्घकाळ दिलेली कोरडी खाद्ये होती.

राहिला तपासणीचा मुद्दा. वर्ष-दोन वर्षांहून अधिक काळ कडधान्यबहुल खाद्य खाणारा कुत्रा पूर्वीपेक्षा लवकर दमत असेल, जिना चढताना थांबत असेल, रात्री खोकत असेल किंवा एकदाही शुद्ध हरपून पडला असेल, तर वाट पाहू नये. नुसत्या स्टेथोस्कोपने डीसीएम नेहमी कळतोच असे नाही. निदान टू-डी एकोने होते. ही सोय मुंबई-पुण्यासारख्या शहरांत आहे, छोट्या गावांतून मात्र त्यासाठी प्रवास करावा लागतो. जाताना खाद्याची रिकामी पिशवी सोबत न्यावी किंवा तिच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. कुत्रा काय खातो, या प्रश्नावर ‘चांगल्या कंपनीचे’ एवढेच उत्तर मिळाले, तर डॉक्टरांना पुढे काही करता येत नाही.